विसाचं माप

...तळ जाड होता. म्हणजे डोळ्यांना काहीच कळत नव्हतं — बाहेरून ते माप शेजारच्या तीन मापांसारखंच, अंगठ्याच्या दोन पेरांएवढं, पितळी, कानाला धरून उचलायचं — पण आत करंगळी सोडली तर जिथे टेकायला हवी त्याच्या जरा आधीच टेकत होती. तिने तीनदा करंगळी घालून पाहिली. सतरा वर्षांत तिच्या करंगळीने तिला कधी फसवलं नव्हतं. मग तिने माप काठोकाठ पाण्याने भरलं, मोजपात्रात ओतलं, टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून डोळे पाण्याच्या रेषेला आणले. वीस. तीस मिलिलिटरच्या मापात वीस. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पुन्हा वीसच, थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

खात्यात तिला पुढ्यात मॅडम म्हणत आणि पाठीमागे थेंबबाई. तिला ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, त्याचा थोडा अभिमानही होता. वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरीला लागली तेव्हापासून तिने दुधाची मापं पाहिली, पेट्रोलची पाहिली, कापडाच्या पट्ट्या पाहिल्या, आणि दारूच्या दुकानांतली पेगची मापं तर किती पाहिली असतील कोण जाणे. बुडाला पोचा मारून तिसाचे सत्तावीस करणारे महाभाग पैशाला पासरी. पण दहा मिलिलिटर कुणी मारत नाही. दहा मारले तर पिणाऱ्याला पहिल्याच घोटात कळतं. आणि हे काम पोचा मारून केलेलं नव्हतं. आत पितळेची गोल चकती बसवली होती, तिच्या कडेने कथील वितळवून डाग दिला होता, आणि डाग असा की कुठे एक गुठळी नाही, एक ओघळ नाही. सबंध कडा कागदावर पेन्सिलीने वर्तुळ काढावं तशी. लबाडी खरी, पण हात कारागिराचा... तिने माप खिडकीकडे धरून पुन्हा एकदा आत पाहिलं. आपण जप्तीचा विचार करायच्या ऐवजी डागाचं कौतुक करतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने माप खाली ठेवलं.

सकाळचे साडेदहा झाले होते. बारमधल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, फरशी नुकतीच पुसलेली, आणि रस्त्याच्या बाजूची ती मोठी काच — जमिनीपासून छतापर्यंत, ना पडदा, ना रंग — तिच्यातून ऊन सरळ आत येऊन काउंटरपर्यंत पोचलं होतं. काउंटरमागे साठीचा एक माणूस ग्लास पुसत होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. "मास्तर, टेबलाची कापडं झालीत, दुपारी आणून देतो," असं शेजारचा लाँड्रीवाला दारातून ओरडून गेला, तेव्हा तिला कळलं की ह्याला मास्तर म्हणतात. शोभत होतं.

हा भाग तिचा नव्हता. ह्या भागाचे निरीक्षक गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले, साहेबांनी काल त्यांची यादी तिच्या टेबलावर सरकवली, यादीत सहावं नाव ह्या जागेचं होतं आणि तिने तेव्हाच म्हणायला हवं होतं — साहेब, एवढं एक दुसऱ्या कुणाला द्या. म्हणाली नाही. का म्हणाली नाही? कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, की इथे माझे वडील येतात. रोज. सहा ते सात.

ही काच तिला बाहेरून पाठ होती. आतून ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

तिच्या गावात दारू नव्हती. म्हणजे होती, पण नव्हती. बसथांब्यामागे लाकडाची एक वखार होती, वखारीला लागून एक दार, दारावर काही लिहिलेलं नाही, कडी आतून. गावातली मोठी माणसं संध्याकाळी लाकूड बघायला जात. रोज इतके लोक लाकूड बघत की त्या मानाने गावात दुमजली घरांची रांगच उभी राहायला हवी होती. आत काय चालतं ते सगळ्यांना माहीत आणि कुणीच पाहिलेलं नाही. तिनेही पाहिलं नव्हतं, पण पुढे कॉलेजात असताना बाबांच्या एका मित्राने हसत हसत सांगितलं होतं — आत खुर्च्या नव्हत्या गं, खुर्च्या कशाला, उभ्यानेच घ्यायची, कोण येईल काय नेम, एका दमात आत टाकायची आणि बाहेर. ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून राहिलं. लपून प्यायची म्हणजे घाईने प्यायची, आणि घाईने प्यालेली लागल्याचं कळत नाही, म्हणून आणखी एक, आणि त्यावर आणखी... मग तोंडात मूठभर लवंगा. बाबा घरी यायचे ते लवंगांचा वास घेऊन. अजून तिच्या स्वयंपाकघरात लवंग नाही.

बाबा गावच्या पाणीपुरवठ्यात होते. पहाटे उठून व्हॉल्व्ह फिरवायचे, कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. पाइप गळला तर डाग द्यायचेही तेच. एका पहाटे ते उठलेच नाहीत. वरच्या आळीच्या टाक्या भरून रस्त्यावर वाहिल्या आणि खालच्या आळीत थेंब नाही. खालच्या आळीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. ती अकरा वर्षांची होती. आई दारात आडवी उभी राहून म्हणाली, "त्यांना ताप आहे." आणि त्या बायका — सगळ्या, एकीलाही ते खरं वाटलेलं नाही — म्हणाल्या, "काळजी घ्या हो, सध्या साथ आहे." त्यांचे ते समजूतदार चेहरे! एखादीने तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण शिव्या घालायच्या तर आधी नाव घ्यावं लागतं, आणि गावात त्या गोष्टीला नावच नव्हतं. तापच होता. वर्षातून तीसचाळीस दिवस बाबांना ताप असायचा, आणि प्रत्येक तापानंतर, अंगणात तोंड धुताना, कुणीही न विचारता बाबा म्हणायचे — उद्यापासून बंद.

"मॅडम, चहा घेणार?" मास्तरांनी विचारलं.

"नको. हे चौथं माप कशासाठी?"

मास्तरांनी हातातला ग्लास उजेडात धरला, समाधान झाल्यावर फळीवर ठेवला आणि फडकं खांद्यावर टाकलं. एवढ्या वेळात तिला सवयीने तीन उत्तरं ऐकू आली: जुनं आहे, चुकून राहिलं, मला काय माहीत. ह्या तिन्हींवर काय लिहायचं ते तिच्या बोटांना ठाऊक होतं.

"ते पाच जणांचं आहे," मास्तर म्हणाले.

आई गेल्यावर सहा वर्षांपूर्वी ती बाबांना इकडे घेऊन आली. लग्न तिने केलं नव्हतं. दोन खोल्या, एक नोकरी, आणि आता एक बाप. गावात निदान एकच दार होतं, इथे तर कोपऱ्याकोपऱ्याला पाट्या. पहिला महिना बाबा घरातून बाहेर पडले नाहीत. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ती समोरच्या बसथांब्यावर उतरली आणि रस्त्यापलीकडे त्या काचेत बाबा दिसले. खुर्चीवर बसलेले! पाय एकावर एक टाकून. पुढ्यात ग्लास, बशीत खारे दाणे, आणि ते एक-एक दाणा उचलून खात होते. शेजारच्या टेबलावर कुठल्यातरी ऑफिसातल्या दोन बायका, एकीच्या हातात ग्लास आणि दुसरीच्या हातात नुसतं सरबत, दोघी कशावर तरी खदखदून हसत होत्या, आणि सरबतवालीला कुणी घे म्हणत नव्हतं की दुसरीला कुणी नको म्हणत नव्हतं. रस्त्याने माणसं जात होती. कुणी आत पाहत नव्हतं, पाहिलं तरी थांबत नव्हतं. ती थांबली होती. एक बस गेली, दुसरी गेली. सातला बाबा उठले, खुर्ची आत सरकवली — खुर्ची आत सरकवली, गावात घरी ताट सरकवायचे नाहीत — आणि चालत घरी आले. जिना सरळ चढले. बूट काढून जोडीने ठेवले. जेवले.

त्या दिवसापासून ती ह्या शहराच्या प्रेमात पडली. त्याआधी अकरा वर्षं ती इथे राहत होती, पण नुसती राहत होती. आता तिला जागोजाग दिसायला लागलं: ऑफिसच्या निरोप समारंभात साहेब सबंध संध्याकाळ लिंबूपाण्याचा ग्लास हातात धरून फिरायचे आणि कुणी विचारायचं नाही. एक ग्लास संपला की लोक घड्याळ बघून उठायचे. शेजारची प्राध्यापक बाई वाण्याकडून साबण आणावा तशी पिशवीत बाटली घेऊन जिन्यात भेटायची आणि हवापाण्याचं बोलायची. तिने स्वतः कधी थेंब घेतला नाही, घेणारही नाही, पण ह्या रीतीचं तिला अपार कौतुक वाटायला लागलं. माणसाला उजेडात बसू दिलं की माणूस सावकाश पितो, असा तिने एक सिद्धांतच तयार केला. साहेबांना एकदा ऐकवला, तेव्हा ते म्हणाले, "मग तुरुंगालाही काचा बसवू या." हसू देत. शहराने सगळ्यांना सुधारलं नव्हतं हे तिलाही दिसत होतंच; खात्यातलेच दोघे दारूपायी गेले, त्यातला एक तर तिच्या शेजारच्या टेबलावरचा. पण तिच्या घरात ताप येणं बंद झालं होतं. सहा वर्षांत एकदाही नाही. ह्याहून मोठा पुरावा काय हवा होता?

"पाच जणांचं म्हणजे?"

"म्हणजे ज्यांनी मागितलं त्यांचं." मास्तर आता काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते, आणि वर्गात समजावून सांगावं तसंच बोलत होते. "पैसे विसाचेच घेतो, मॅडम, तुम्ही पावत्या बघा. फसवायचं म्हणून नाही ते. एक म्हातारे आहेत, त्यांच्यापासून सुरू झालं. सहा वर्षं झाली. पहिले चार दिवस येऊन नुसते बसले, काही मागितलं नाही. पाचव्या दिवशी गर्दी व्हायच्या आत आले आणि मला म्हणाले, मास्तर, मला दोनच प्यायच्यात. पण माझी खोड अशी की दोन झाल्या की हात तिसरी मागतो, आणि तिसरी झाली की मग मोजणारा मी उरत नाही. तेव्हा मला तीन द्या — पण दोनाच्या करून."

तिने मोजपात्र उपडं केलं.

"मी म्हटलं, अंदाजाने कमी ओतत जाईन की. तर म्हणाले, अंदाज नको, अंदाजाला गळती असते. दुसऱ्या दिवशी हे माप घेऊन आले. आतली चकती त्यांनीच बसवली. पाणीपुरवठ्यात होते म्हणे कुठेतरी." मास्तरांनी माप उचलून तिच्यासारखंच खिडकीकडे धरलं. "हात बघा ना काय आहे! मग बाकीच्यांनी पाहिलं. एकाने हळूच विचारलं, मग दुसऱ्याने. आता पाच आहेत. एक जण बँकेतले, त्यांनी तर मागच्या वर्षी सोडलीच, तरी येतात, सोडा घेतात." मग जरा थांबून, चष्म्यावरून तिच्याकडे बघत, "त्या म्हाताऱ्यांना एकच धास्ती. मुलगी तुमच्याच खात्यात आहे म्हणतात. तिला कळता कामा नये, ती बापाचंसुद्धा माप जप्त करेल."

नियम साधा होता. शिक्का नसलेलं आणि कमी भरणारं माप दिसलं की तिथल्या तिथे जप्त करायचं, फॉर्म भरायचा, आजूबाजूच्या दुकानांतले दोन साक्षीदार बोलवायचे, त्यांच्यासमोर पुन्हा मोजून दाखवायचं. इथे साक्षीदार म्हणजे तो लाँड्रीवाला आणि पलीकडचा घड्याळवाला. संध्याकाळपर्यंत सबंध रस्त्याला कळलं असतं की ते माप कुणाचं. तिने पिशवीतून फॉर्म काढला. पेनाचं टोपण काढलं. तारीख लिहिली. मग टोपण लावलं.

"मी संध्याकाळी येते," ती म्हणाली. "माप हलवू नका."

"कुठे हलवणार?" मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून तिला कळेना, की त्यांनी तिला ओळखलं होतं की नव्हतं.

नंतर तिने एक किराणा दुकान पाहिलं, दोन कापडाची, एक दूध केंद्र. हात आपापलं काम करत होते. वजनं ठेवली, उचलली, शिक्के मारले. दूध केंद्रावर अर्ध्या लिटरच्या मापात चार थेंब कमी निघाले आणि तिने ते रीतसर लिहून काढलं, केंद्रवाली म्हणाली, "मॅडम, चार थेंबांनी काय होतं?" रोज ह्यावर तिच्याकडे उत्तर असायचं. आज तिने नुसताच कागद सहीसाठी पुढे सरकवला.

बाहेर पडल्यावर तिला आठवली सहा वर्षांपूर्वीची एक दुपार... बाबा खिडकीत बसून डाग देण्याची ती जुनी सळई तापवत होते, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. काय करताय? रेडिओ बघतोय, म्हणाले. रेडिओ कपाटावर होता. मी पाहिलं होतं की रेडिओ कपाटावर आहे. तरी मी काही बोलले नाही, फक्त जवळ गेले, खाली वाकले, कागद सरळ केल्यासारखं केलं — आणि वास घेतला. सहा वर्षं मी हेच करत आले. संध्याकाळी दार उघडायचं, त्यांच्या हातातली छत्री घ्यायची, तेवढ्यात नाक पुढे करायचं. रोज तेवढाच वास. मी मनातल्या मनात खूण करायचे: आजचा दिवस ठीक. आणि त्याचं श्रेय कुणाला द्यायचे तर ह्या शहराला, त्या काचेला, थोडंसं स्वतःला, की आपण त्यांना इथे आणलं. हातात सळई धरून बसलेल्या त्या म्हाताऱ्याला दिलं नाही. तो तर ज्याच्यावर नजर ठेवायची तो माणूस.

बसमध्ये खिडकीशी बसून ती ते पुन्हा मनात मांडत होती, कुठेतरी चूक सापडेल म्हणून. नवीन शहर. ओळखीचं कुणी नाही. चार दिवस माणूस नुसता बसतो. चार दिवस! समोर फळीवर सगळं मांडलेलं, आणि हा माणूस, ज्याला गावाने उभ्याने ढोसायला शिकवलं, तो खुर्चीवर बसून त्या मास्तरांचे हात बघतो — हा कसा ओततो, हा कुणाला नको म्हणतो, ह्याच्यावर विसंबता येईल का. आणि पाचव्या दिवशी उठून एका परक्या माणसाला सांगतो, की तिसरीनंतर मोजणारा मी उरत नाही. हे वाक्य त्यांनी आईला कधी सांगितलं नाही. मला सांगितलं नाही. गावात कुणाला सांगणार होते? मदत मागायची तर आधी पितो म्हणावं लागतं, आणि गावात कुणी पीतच नव्हतं... म्हणजे सिद्धांत अगदीच खोटा नव्हता. काचेने काम केलं होतं. पण तिला वाटलं होतं त्यातलं निम्मंच. शहराने फक्त विचारायला जागा दिली होती. विचारलं बाबांनी होतं.

आणि मग तिला त्यांचं कौतुक वाटलं. असं वडिलांबद्दल वाटण्याची तिला सवय नव्हती. दया यायची, राग यायचा, जबाबदारी तर होतीच. हे काहीतरी दुसरंच होतं. एखाद्या अनोळखी माणसाबद्दल ऐकलं असतं तर तिने दहा जणांना सांगितलं असतं, की काय माणूस आहे बघा.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "सगळी झाली यादी?"

"एक राहिलंय. संध्याकाळी करते."

"थेंब — " साहेब म्हणाले आणि वेळेवर सावरले, "तुम्ही कधी काही ठेवत नाही मागे."

नाही ठेवत. आणि तेच तर होतं. ते माप आज तिथे राहू दिलं, तर सतरा वर्षांत पहिल्यांदाच तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं असं झालं असतं; त्या बादल्या घेऊन आलेल्या बायकांसारखं, समजूतदार चेहरा करून. काळजी घ्या हो, सध्या साथ आहे. आणि जप्त केलं, तर उद्या संध्याकाळी सहा वाजता बाबांच्या ग्लासात तिसाच्या मापाने पडणार, आणि दोन झाल्यावर हात तिसरी मागणार, आणि मग... पुढचं तिला अकरा वर्षांची असल्यापासून तोंडपाठ होतं. मास्तर अंदाजाने कमी ओततील? अंदाजाला गळती असते. शिक्का मारून विसाचं माप कायदेशीर करता येईल का, हे तिने नियमांच्या पुस्तकात तीनदा पाहिलं. तिसाचं, साठाचं. विसाचं नव्हतं.

सहा वाजून गेल्यावर ती बसथांब्यावर उतरली. काचेत दिवे लागले होते, तीनचार टेबलं भरली होती, आणि नेहमीच्या जागी बाबा होते. ती नेहमीसारखी खांबाआड उभी राहिली. सहा वर्षांत त्यांनी तिला इथे एकदाही पाहिलं नव्हतं. आज त्यांनी मान वळवली आणि सरळ खांबाकडेच पाहिलं, जणू ती तिथेच असते हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ग्लास त्यांच्या हातात होता. तिला वाटलं, आता ते तो खाली घेतील, टेबलाच्या आड नेतील. नेला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी समोरची खुर्ची बाहेर ओढली.

ती रस्ता ओलांडून आत गेली आणि बसली.

"मास्तर म्हणाले, वजनमापातल्या एक बाई आल्या होत्या," बाबा म्हणाले. "थेंबाथेंबाला डोळा लावत होत्या. म्हटलं, मग ही आपलीच." बशी त्यांनी तिच्याकडे सरकवली. "नेलंस का?"

"अजून नाही."

"मग ने. तुझं काम आहे ते. माझ्यापायी तुझ्या नोकरीत खोट नको."

"आणि तुम्ही, बाबा?"

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं. तळाशी घोटभर होती. बाहेर एक बाई मुलाचा हात धरून चालली होती, मुलगा काचेला नाक लावून दाण्यांकडे बघत होता आणि ती त्याला ओढत होती. आता ते वाक्य येणार होतं, अंगणातलं, चूळ भरतानाचं — उद्यापासून बंद.

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले.

एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा. काही शपथ नाही, काही उद्या नाही.

"साक्षीदार दोन लागतात ना?" बशीतला एक दाणा उचलून त्यांनी विचारलं. "एक मी होतो. लाँड्रीवाल्याला कशाला त्रास? माप मीच केलंय, कुठे किती कमी भरतं ते माझ्याइतकं कोण सांगणार?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तिने पदर, रुमाल, काहीच शोधलं नाही. फॉर्म पिशवीत होता, तारीख घातलेला. पिशवी मांडीवर होती. ती उघडायला हवी हे तिला कळत होतं, आज नाही तर उद्या सकाळी, आणि उघडली की ह्या माणसाच्या हाताखालचा कठडा आपणच काढून घेणार हेही कळत होतं. आयुष्यभर सगळ्यांनी त्यांच्याशी खोटं बोलून त्यांना सांभाळलं होतं. आज ते तिला सांगत होते, की मला न सांभाळता बघ.

मास्तर टेबलाशी आले. ह्या खेपेला त्यांनी तिच्याकडे पाहून मान लववली, म्हणजे ओळखलं होतं. मग बाबांकडे वळून हळूच म्हणाले, "काका, दुसरा देऊ?"

बाबा विचार करत होते. खरोखरच विचार करत होते, कपाळाला आठ्या घालून, घाई नाही. लहानपणापासून अशा वेळी माझ्या आत कुणीतरी हात जोडून पुटपुटत असतं — नको म्हणा, नको म्हणा, देवा, एकदा तरी नको म्हणू दे ह्यांना. आज मी आत कान देऊन पाहिलं. तिथे काही नव्हतं. मास्तर उभे आहेत. बाबांना काय ठरवायचं ते ठरवू दे, हवा तेवढा वेळ घेऊन. मी इथे त्यांच्याबरोबर बसले आहे.